तापलेल्या गाडीवरची रजई

गरम गाडी सुरू होत नाही अशी तक्रार घेऊन येणारा माणूस गॅरेजमध्ये पहिल्यांदा खोटा पडतो. तो सांगतो, सकाळी झकास सुरू होते, रस्त्यात कुठे अडत नाही, पण एकदा थांबलो आणि काम उरकून परत आलो की नुसती घरघर करते. आपण चावी फिरवतो. गाडी सुरू. तो ओशाळतो. "मॅडमजी, कसम से, कल नहीं हो रही थी." मी अशा माणसावर नेहमी विश्वास ठेवते. हा आजारच असा आहे, की दवाखान्यात पोचेपर्यंत उतरतो.

माझं गॅरेज जयपूरला राजा पार्कच्या मागच्या गल्लीत आहे. वडील विमा कंपनीत होते. ते साताऱ्याहून बदली होऊन आले आणि बदली होऊन गेले. मी मधल्या मध्ये पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून इथेच राहिले. बाई असून गॅरेज कसं चालवतेस, या प्रश्नाचं उत्तर मी पुष्कळ वेळा दिलं आहे, ते इथे देत नाही. बाकीचे लोक ज्या गाड्या दारातूनच परत पाठवतात त्या मी घेते, एवढं सांगितलं की पुरे. म्हणजे कार्बुरेटरवाल्या जुन्या गाड्या.

नव्या गाडीत इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. जुन्या गाडीत ते कार्बुरेटर ठरवतो. सोपं करून सांगायचं तर ही एक वाटी आणि एक नळकांडं. वाटीत थोडं पेट्रोल साठलेलं असतं. नळकांड्यातून हवा जोरात खाली जाते आणि जाता जाता वाटीतलं पेट्रोल बारीक भोकातून ओढून घेते. त्यात वीज नाही, मेंदू नाही, नुसती मापं आहेत. ज्यानं ही मापं पहिल्यांदा जुळवली त्याचं कौतुक मला अजून वाटतं. कार्बुरेटर धुऊन पुसून टेबलावर ठेवला की मी एकदा तो हातात घेऊन बघतेच. गरज नसते, तरी बघते.

आता उन्हाची गोष्ट. गाडी पळत असते तोवर पंख्याचा वारा असतो, टाकीतून ताजं पेट्रोल येत असतं, त्यामुळे कार्बुरेटर बरा थंड राहतो. गाडी बंद केली की पंखा थांबला, पेट्रोल थांबलं, पण इंजिनाचं लोखंड तापलेलंच. गॅस बंद केल्यावरही तव्यावर विसरलेली भाकरी करपते, तसं हे. थांबलेल्या गाडीचा कार्बुरेटर पळणाऱ्या गाडीच्या कार्बुरेटरपेक्षा जास्त तापतो, हे लोकांना पटत नाही, पण तसंच आहे. त्यात जयपूरचा जून, आणि आताच्या पेट्रोलला उकळी लवकर फुटते.

मग दोनपैकी एक होतं. कधी पेट्रोलची नळीतच वाफ होते, आणि पंप वाफ ओढत बसतो. इंजिन तहानलेलं राहतं. कधी वाटीतलं पेट्रोल दुधासारखं उतू जाऊन थेट इंजिनात सांडतं. इंजिन बुडतं. बाहेरून दोन्हीचं लक्षण एकच, नुसती घरघर. तिसरा एक चोर असतो, कॉइल. तापली की तिची ठिणगी मरते. म्हणून आम्ही स्पार्क प्लग काढून बघतो. कोरडा असेल तर तहान, ओला असेल तर बुडालेलं, आणि ठिणगीच नसेल तर कॉइल. निदान एवढंच आहे, पण ते करावं लागतं, कारण तहानलेल्याचा उपचार बुडालेल्याला केला तर तो आणखी बुडतो. बहुतेक लोक तेच करतात. गाडी सुरू होईना की ॲक्सिलरेटर पायानं दाबत सुटतात, आणि प्रत्येक दाबाबरोबर इंजिनात आणखी पेट्रोलची पिचकारी जाते.

तहानलेल्या गाडीवर लोक ओलं फडकं टाकतात. चारदीवारीतले, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातले, माझे एक जवाहिरे गिऱ्हाईक फडक्याऐवजी ताकाची थंडगार पिशवी पंपावर ठेवायचे. उपाय बरोबर होता. मी नळी इंजिनापासून लांबून फिरवून दिली, वाफ व्हायची थांबली, तरी सेठजींची पिशवी काही सुटली नाही. वर तेच ताक ते नंतर प्यायचे. "छाछ में ज़रा पेट्रोल का छौंक हो तो हाज़मा अच्छा रहता है, मॅडमजी." पेट्रोलची फोडणी म्हणे. असो.

मला सांगायचं आहे ते कुंदाताईंबद्दल.

कुंदाताई नागपूरच्या. बायकांच्या डॉक्टर म्हणून जयपूरच्या इस्पितळात नोकरी केली, निवृत्त झाल्या, पती वारले, मुलगा समीर गुरुग्रामला. सत्तरी ओलांडलेली, पाठ ताठ, आवाज वॉर्डाच्या त्या टोकापर्यंत पोचणारा. दर गुरुवारी त्या आपली पांढरी जुनी गाडी स्वतः चालवत आग्रा रोडवरच्या बस्सी गावाला जायच्या. तिथे एका धर्मशाळेच्या खोलीत बायकांना फुकट तपासायच्या.

टॅक्सीनं का जात नाही, असं मी एकदा विचारलं होतं.

"खोलीत पडद्यामागे सासू उभी असते," त्या म्हणाल्या. "पोरगी बोलतच नाही. म्हणून ज्या पोरीची तपासणी करायची असते तिला मी गाडीत बसवून जयपूरला नेते. पुढच्या सीटवर. रस्त्याकडे बघत बघत माणूस बोलतं गं, डोळ्यात बघावं लागत नाही. जयपूरच्या तोंडाशी घाट येईस्तोवर मला सगळं कळलेलं असतं. टॅक्सीत ड्रायव्हर असतो. त्याच्यासमोर कोण बोलणार?"

तेव्हापासून ती गाडी मी वेगळ्या नजरेनं बघायला लागले.

त्या उन्हाळ्यात हीच गाडी बस्सीला अडायला लागली. जाताना ठीक, पण दवाखाना आटोपून निघताना घरघर. कुंदाताईंनी ती गॅरेजला आणली. आम्ही भर दुपारी आग्रा रोडवर तापवून आणली, थांबवली, ताटकळत ठेवली, आणि ती प्रत्येक वेळी पहिल्या चावीला सुरू झाली. कॉइल ठीक, पंप ठीक, वाटीतली पातळी ठीक. माझे जुने मिस्त्री रमजानभाई हात पुसत म्हणाले, "डॉक्टरनीजी की गाड़ी को हमसे शरम आती है. घूँघट ओढ़ लेती है."

"माझ्याशी खोटं बोलून राहिली ती," कुंदाताई म्हणाल्या. "पेशंटही असंच करतात. घरी कण्हतात, माझ्यासमोर म्हणतात बरं आहे."

मग तो विमलाचा गुरुवार आला. विमला बस्सीजवळच्या एका ढाणीतली, म्हणजे वाडीवरची, सून. पोटात गाठ लागत होती, पण जयपूरला तपासणीला यायला तिचं मन वळवता वळवता कुंदाताईंचा अख्खा उन्हाळा गेला होता. त्या दिवशी ती शेवटी गाडीत बसली. गाडी सुरू होईना. कुंदाताई ॲक्सिलरेटरवर पाय मारत राहिल्या, माणसं जमली, धक्का मारून झाला. तेवढ्यात तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर, आला आणि म्हणाला, "गाड़ी ही कोनी चालै, तो उतर." गाडीच चालत नाही, तर उतर. ती उतरली आणि घरी गेली.

हे गुरुग्रामला पोचलं, आणि समीर घरून काम करायची परवानगी घेऊन आईकडे येऊन राहिला. गाडी घेऊन गॅरेजला तोच आला. सज्जन मुलगा. मराठी जयपुरात वाढलेल्या मुलांची असते तशी.

"नीलूमावशी, मी सीधी बात करतो," तो म्हणाला. "आई हायवेवर, या गर्मीत, एकटी. आणखी एकदा बंद पडली ना, तर चावी मी घेऊन जाणार. मतलब, फायनल. मी तिला ड्रायव्हर देतो, नवी गाडी देतो."

"मला ड्रायव्हर नको," कुंदाताई म्हणाल्या.

"आई, तू समजून घे ना!"

"मी समजलेय. तू म्हणतोस बंद पडली तर. नाही पडली तर?"

"तर मी काही नाही बोलणार."

"नीलू, तू साक्षीदार."

साक्षीदार होऊन गाडी दुरुस्त होत नाही. पुढच्या गुरुवारी मी गॅरेज रमजानभाईंवर सोपवलं आणि कुंदाताईंबरोबर बस्सीला गेले. समीर त्या दिवशी कामात अडकला होता, ते बरंच झालं.

त्या गाडी फार छान चालवतात, हे लिहायलाच हवं. ट्रकच्या मागे चिकटत नाहीत, चढावर गिअर वेळेवर खाली घेतात, इंजिनाला कधी कण्हू देत नाहीत. धर्मशाळेपाशी कडुनिंबाखाली गाडी लावली. मग त्या डिकीकडे गेल्या आणि तिच्यातून एक जुनी, विटलेली जयपुरी रजई काढून बॉनेटवर पांघरली. नुसती टाकली नाही. चारी बाजूंनी नीट खोचली, ऑपरेशनच्या पेशंटला खोचावी तशी.

"ही कशाला?" मी विचारलं.

"तो बघ." कठड्यावर एक मोर बसला होता. "मेल्याला बॉनेटमध्ये स्वतःचं रूप दिसतं. दुसरा मोर आला समजतो आणि चोची मारतो. यंदा उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच एवढा रंग काढला त्यानं. तेव्हापासून मी थांबले रे थांबले की रजई घालते."

त्यांची गाडी चमकायचीच तशी. दर रविवारी मेण लावून पुसलेली.

मी रजई तशीच राहू दिली. आम्ही गॅरेजवाले गाडी आली की सर्वांत आधी काय करतो? बॉनेट उघडतो. उष्णता भसकन बाहेर जाते, आणि आजारही तिच्याबरोबर जातो. आम्ही महिनाभर शोधत होतो ते आमच्याच हातानं रोज बाहेर सोडत होतो.

दवाखाना आटोपल्यावर रजई काढली, तर पेट्रोलचा वास नाकात शिरला. कुंदाताईंनी चावी फिरवली. घरघर. सवयीनं पायही मारायला लागल्या. मी त्यांना थांबवलं, कार्बुरेटरचं झाकण काढलं आणि दाखवलं. नळकांड्याच्या भिंतीवरून पेट्रोल ओघळत होतं. खाली कार्बुरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये उष्णता अडवणारं जाड पॅकिंग असतं, ते आधीच कुणीतरी बदलून पातळ घातलं होतं. त्यावर ही रजई. वाटीतलं पेट्रोल उकळून उतू जाणार नाही तर काय होणार?

कुंदाताई वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे ताप आलेल्याला मी रजई घालून राहिले होते."

धर्मशाळेच्या ओट्यावर नातू घेऊन बसलेल्या एका म्हातारीला आमच्या मराठीतलं रजई आणि ताप एवढं नेमकं कळलं. ती पदराआड हसली. "डॉक्टरनीजी, म्हांनै तो लड़ो छो अक ताव मं टाबर नै मत ओढावो!" आम्हाला तर भांडता, की तापात पोराला पांघरूण घालू नका.

ओट्यावरच्या सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. दुसरी कुणी डॉक्टर असती तर चेहरा पडला असता. कुंदाताई सगळ्यांत मोठ्यानं हसल्या. "बरोबर बोली!" त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून, "आता सांग. उपचार काय, आणि तसाच का?"

हा 'तसाच का' मला कुणी गिऱ्हाईक विचारत नाही. लोकांना गाडी सुरू झालेली हवी असते. कुंदाताईंना बुडालेल्या इंजिनातून पेट्रोल कुठून बाहेर जातं ते हवं होतं. मी सांगितलं. चोक, म्हणजे थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी खुंटी, पूर्ण आत. ॲक्सिलरेटर हळूच तळापर्यंत दाबायचा आणि तिथेच धरून ठेवायचा, अजिबात सोडायचा नाही, दुसऱ्यांदा मारायचा नाही. मग हवेची वाट पूर्ण उघडते, स्टार्टरनं इंजिन फिरलं की नुसती हवा आत येते आणि सांडलेलं पेट्रोल वाळवत बाहेर काढते. सुरू झाली की काळा धूर येणार. तेव्हा घाबरून पाय काढायचा नाही.

"म्हणजे बुडालेल्याच्या छातीतलं पाणी काढायचं," त्या म्हणाल्या, "आणि मी त्याला पाणी पाजून राहिले होते."

गॅरेजमध्ये मी जाड पॅकिंग घातलं, कार्बुरेटरखाली उष्णता अडवणारा पत्रा बसवला. रजई बंद केली. बस्सीला गेल्यावर बॉनेटचा खटका सोडून बोटभर फट ठेवायची असं ठरलं. मोराला रूप दिसू नये म्हणून मेण लावणंही बंद केलं. पण एवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं. "पॅकिंग फाटलं तर? मला हातानं यायला पाहिजे." मग मी आमच्या गल्लीत त्यांची तापलेली गाडी मुद्दाम बुडवायची, आणि त्यांनी ती काढायची. पहिल्या वेळी पाय आपोआप उचलला गेला. आयुष्यभराची सवय होती. त्यांनी स्वतःच्याच गुडघ्यावर चापट मारली. पुन्हा बुडव म्हणाल्या. समोरचा समोसेवाला कढई सोडून बघत उभा राहायचा. पायाला कळेपर्यंत त्यांनी सोडलं नाही. मी पुष्कळ पोरांना शिकवलं आहे, असा विद्यार्थी मिळाला नाही.

पुढच्या गुरुवारी विमला पुन्हा येणार होती. घरात भांडून तिनं एक वेळ मिळवली होती. तिसऱ्यांदा कुणी तिला पाठवणार नव्हतं. समीरही बरोबर निघाला. मलाही चल म्हणाला, "सेफ्टीसाठी." कुंदाताईंनी मला मागे बसवलं. "बसायचं. हात लावायचा नाही. तू हात लावलास तर हा म्हणेल, आईला मेकॅनिक लागते."

बस्सीला पोचलो. कुंदाताईंनी खटका सोडला, फट ठेवली, आत गेल्या. मी त्यांच्यामागे ओट्यावर जाऊन बसले. जरा वेळानं समीर घाम पुसत आला. खूश होता.

"आई बॉनेट लावायची विसरली होती. मी बंद केला. आणि मोर येत होता ना, तर मी कव्हर पण केली. डिकीत रजई होती. लहानपणी गाडी झाकायचं काम माझंच होतं."

रजई डिकीत होती ती एखाद्या पेशंटला मागच्या सीटवर आडवं व्हावं लागलं तर अंथरायला. मी उठले. कुंदाताई दारातून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मान हलवली. नाही.

मी बॉनेट उघडून ठेवलं असतं तर सगळं आपोआप निवळलं असतं, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. मी खाली बसले.

दवाखाना आटोपता आटोपता विमला आली. जेठ बरोबर. तो गाडीपासून थोडा लांब, हाताची घडी घालून उभा राहिला. कुंदाताईंनी रजई काढली, घडी करून समीरच्या हातात दिली. वास येत होता. समीर पुढच्या सीटवर बसला, विमला बाहेरच उभी. मी मागे.

कुंदाताईंनी चोक तपासला. पाय हळूच तळाला नेला. चावी फिरवली. घरघर. घरघर. समीरनं श्वास सोडला. "आई, राहू दे..." जेठ एक पाऊल पुढे आला. मी मागून फक्त तो उजवा गुडघा बघत होते. तो हलला नाही. त्यांनी स्टार्टरला विसावा दिला, बॅटरी जपायला हवी हे मी सांगितलं नव्हतं, आणि पुन्हा फिरवली. घरघर, एक खोकला, परत खोकला, आणि धडाड. मागे काळ्या धुराचा एवढा लोट उठला की कठड्यावरचा मोर ओरडत पळाला.

पाय त्यांनी इंजिन साफ बोलायला लागल्यावरच उचलला.

"ही तर बंद पडली होती ना?" समीर म्हणाला.

"नाही. तू बुडवली होतीस. मी काढली."

त्याला काही कळलं नाही, पण तो दिलेल्या शब्दाप्रमाणे गप्प बसला. विमला मात्र तशीच उभी. घूँघट हनुवटीपर्यंत. कुंदाताईंनी तिच्याकडे बघितलं, मग मुलाकडे.

"समीर, उतर."

"मतलब?"

"मतलब बसनं ये. तू बसलास तर ती बसणार नाही, बसली तर बोलणार नाही." मग आरशातून मला. "नीलू, तूही."

"मी?" मी म्हटलं. "आणि गाडी?"

"गाडीला काय झालंय?"

मी उतरले. विमला पुढच्या सीटवर बसली. गाडी गेली.

बस मिळायला वेळ लागला नाही. समीर खिडकीशी बसला, मांडीवर रजई. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता तिच्याकडे बघितलं. "भाईसाहब, सियाळो आ ग्यो कांई?" हिवाळा आला का? अख्खी बस हसली. समीरही हसला, मग मला म्हणाला, "नीलूमावशी, मला पण समजवा ना. आईनं केलं काय?" मी त्याला वाटी आणि नळकांडं सांगायला घेतलं. रजईपाशी आलो तेव्हा त्यानं ती मांडीवरून खाली, पायाशी ठेवली.

वाटेतल्या कानोता गावाच्या अलीकडे बस माणसं घ्यायला थांबली. मागून आमची पांढरी गाडी आली. वाटेत कुठेतरी त्या थांबल्या असणार, म्हणजे तापलेली गाडी आणखी एकदा सुरू केली असणार. ती बसच्या शेजारून पुढे गेली. विमलाचा घूँघट डोक्यावर सरकला होता, ती हातवारे करत काहीतरी सांगत होती, आणि कुंदाताई समोर रस्त्याकडे बघत मान हलवत होत्या.

समीर खिडकीतून वाकून आईकडे बघत होता. मी सायलेन्सरकडे बघितलं. धूर अजिबात नव्हता.